कोपऱ्यातलं सारवण

"आणि एकही डाग नाही राहिला, तर?" दिगंबरने तिसऱ्यांदा विचारलं.

सटवाबुवा तंबाखू मळत होते. मळून झाली, गालात जाऊन बसली, मग म्हणाले, "तर संध्याकाळी मंत्र देतो. जा, सारव."

एवढं एक वाक्य ऐकायला दिगंबर दोन वर्षं थांबला होता.

मठ म्हणजे काही फार नव्हे. टेकडीवर एक लांबट खोली, तिला एकच दार आणि बाहेर एक तांबडी गाय. बुवा मूळचे गवंडी. लोक मोक्षाचं विचारायला धापा टाकत चढायचे आणि भिंतीच्या पोपड्यांवर उपाय घेऊन उतरायचे. जुना रंग खरवड, भिंत वाळू दे, मग नवा लाव, हे बुवा आल्यागेल्याला सांगायचे. निम्म्यांना वाटे, यात काहीतरी खोल आहे. ते घरी जाऊन डोळे मिटून बसत. उरलेले निम्मे भिंत खरवडत. त्यांच्या भिंती छान व्हायच्या.

दिगंबर डोळे मिटणाऱ्यांतला. शिकलेला माणूस. मास्तरकीची परीक्षा पास, तीही पहिल्या फटक्यात, हे तो गाईलासुद्धा सांगून चुकला होता.

आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, अक्काने, त्याला वाढवलं. घर सोडताना तो तिला म्हणाला होता, तुझ्या या शेणामातीत मला आयुष्य काढायचं नाही, काहीतरी मिळवीन तेव्हाच तोंड दाखवीन. अक्काने नुसती भाकरी बांधून दिली. तो इथं आला, आणि बुवांनी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात शेणाची पाटी दिली.

आठ दिवसांपूर्वी एसटीच्या कंडक्टरने अक्काचा निरोप आणला. गुडघे धरलेत, आता वाकवत नाही, जमलं तर येऊन जा. दिगंबरने उलट निरोप धाडला, मंत्र मिळाला की येतो. बुवा तेव्हा पलीकडे धार काढत होते. त्यांना तसंही कमीच ऐकू यायचं.

भिंतींचं काम झालंच होतं. भेगा बुजवून चुना दिला होता, खाली गेरूचा पट्टा ओढला होता, तोही दोरी धरून. उरली होती जमीन. दिगंबरने खड्डे मातीने भरले, चोपण्याने चोपले, शेण ताकासारखं कालवलं, पोतेरं बुडवलं आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली.

उंबऱ्यापासून का? तर येणाऱ्याची पहिली नजर तिथं पडते, तेव्हा तिथं हात ताजा हवा. असला विचार परीक्षा पास झालेल्यालाच सुचतो.

बुवा दाराबाहेर बसून बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. खोकला असेल, असं दिगंबरला वाटलं.

काम मात्र देखणं चाललं होतं. हाताचे अर्धगोल एकाशेजारी एक, सगळे सारखे. मागं सरत सरत तो शेवटचा हात फिरवणार, तोच पाठ भिंतीला टेकली.

दिगंबरने वर पाहिलं. समोर ओली चकचकीत जमीन. तिच्या पलीकडे दार. आणि तो अलीकडे, कोपऱ्यात, दोन पावलं मावतील एवढ्या कोरड्या तुकड्यावर.

"बुवा…"

"काय रे?"

"हे वाळायला किती वेळ लागेल?"

बुवांनी आभाळाकडे बघितलं. "ढगाळ आहे. उद्यापर्यंत धर."

दिगंबरने दात आवळले. "मग उद्यापर्यंत थांबतो. पण डाग पडू देणार नाही."

"बरं," म्हणून बुवा उठून गेले.

पहिला तास तो ताठ उभा होता. दुसऱ्या तासाला एका पायावर आला, मग दुसऱ्या. गाय दारात आली, तिने बराच वेळ त्याला न्याहाळलं आणि ती निघून गेली.

शेणाचा वास वर येत होता. त्या वासात अक्का होती. ती कोपऱ्यातून सुरू करायची, दाराकडे पाठ करून, उकिडवी, हळूहळू मागं. दिगू, ओलंय, येऊ नको म्हणायची, आणि तो मुद्दाम पळत जायचा. आला माझा हत्ती, असं म्हणून ती त्याच्या पावलांवरून पोतेरं फिरवायची. पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं सगळं. कितीदा…

त्याने डोळे पुसले. गालाला शेण लागलं.

तेवढ्यात बुवा दारात आले. एका हातात भाकरी, दुसऱ्यात ताकाचा तांब्या. त्यांनी पाऊल उचललं आणि सरळ ओल्यात टाकलं.

"बुवा, डाग पडेल…"

पडला. मग दुसरा. बुवांचा डावा पाय फरपटायचा, तेव्हा प्रत्येक डागाला शेपूटही होतं. सगळी खोली तुडवत ते कोपऱ्यात पोचले आणि भिंतीला टेकून खाली बसले. पाठीला चुना लागला, धोतराला गेरू.

"खा. भूक लागली असेल."

दिगंबर बसला. दोघांनी एक भाकरी मोडून खाल्ली.

"सगळं बिघडलं," तो हळूच म्हणाला.

"बिघडलं ना," बुवा खुशीत म्हणाले. त्यांनी तांब्या त्याच्याकडे सरकवला. "ताक पी. आणि दाराकडे पाठ कर."

दोघे शेजारी शेजारी उकिडवे बसून मागं सरू लागले. बुवांचा गुडघा दर हाताला कडकड वाजत होता. ते आपल्या पावलांवरून हात फिरवत होते, दिगंबर स्वतःच्या. मध्येच कुठं कुणाचं पाऊल कुणी पुसलं, ते कळेना.

उंबऱ्याबाहेर येऊन दिगंबर उभा राहिला. जमीन अशी, की कुणी कधी चाललंच नाही.

तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"बुवा… एकही डाग नाही."

बुवा हात धूत होते. "अक्काच्या घरची जमीन कसली रे? फरशीची?"

"…मातीची."

"आणि गुडघे?"

हे दिगंबरने बुवांना कधी सांगितलंच नव्हतं.

बुवांनी पोतेरं स्वच्छ धुतलं, पिळलं, घडी करून त्याच्या हातात ठेवलं.

"साडेतीनची एसटी मिळेल. आणि दारापासून सुरुवात करू नकोस."