शेजारचा पानमळा

एकदा एका पानमळेवाल्याला शेजाऱ्याचा विलक्षण मत्सर वाटू लागला. माती एकच, विहीर सामाईक. तरी बाजारात शेजाऱ्याचे पान हातोहात जाई आणि याचे संध्याकाळपर्यंत पडून राही. हा आतल्या आत जळे. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाने दोनदा शेजाऱ्याच्या वेली मुळाशी कापल्या. बापाने दोन्ही वेळा त्याला चारचौघांत बडवले, पाया पडायला लावले. पंचांनी बजावले, पुन्हा असे घडले तर पोरगा या गावात राहणार नाही. घाबरलेला बाप त्याला एका वृद्ध आचार्यांकडे घेऊन आला.

आचार्यांनी मुलाला काहीच विचारले नाही. दोघांना जेवायला बसवले आणि बापाशी गप्पा सुरू केल्या.

"सकाळी तुझ्या शेजाऱ्याचा मळा पाहिला. काय सुरेख पान धरलंय."

बापाचा घास हातातच राहिला.

"खालच्या अंगाला मात्र करपा पडलाय. तिकडच्या वेली काही हाती लागत नाहीत."

"अरेरे," बाप म्हणाला आणि त्याने आणखी आमटी मागून घेतली.

वाढणाऱ्या शिष्याला राहवेना. "गुरुजी, उपदेश या मुलाला हवा आहे. पानांचं काय घेऊन बसलात?"

"तू आमटी वाढत होतास, म्हणून तुला दिसलं नाही. हा मुलगा जेवतच नाहीये. बापाचं तोंड पडलं तेव्हा याचं पडलं, खुललं तेव्हा याचंही खुललं."

"मी मार काय कमी दिला याला?" बाप चिडून म्हणाला.

"मार चावडीवर दिलास. घरी गेल्यावर काय दिलंस?"

बाप खाली बघून भात कालवू लागला. मुलगाच हळू आवाजात म्हणाला, "आबांनी मला जवळ बसवून जेवू घातलं. किती वेली गेल्या, ते दोनदा विचारलं."

आचार्य बापाला म्हणाले, "मार अंगावर बसतो, चार दिवसांत विसरला जातो. तुझं समाधान त्याच्या मनात घर करून राहिलंय. तुला खूश करायला तो पुन्हा जाईल. आधी तुझी जळजळ आवर, म्हणजे त्याचा हात आपोआप आवरेल."

परतताना बाप शेजाऱ्याच्या बांधावर थांबला. शब्द काही केल्या ओठांवर येईनात.

"पान त्याचंच चांगलं आहे," शेवटी तो म्हणाला. "मेहनत घेतो तो."

मुलगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसेना. घर येईपर्यंत बापाला ते पुन्हा पुन्हा म्हणावे लागले.