दयाळाची चाल

माणसांनी जंगलात वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठी धनेशाच्या मालकीचं उंबराचं झाड होतं आणि त्यावर दर वर्षी गाण्याचा मेळा भरे. चाल दयाळ बांधायचा, गायच्या साळुंक्या. मेळा संपला की धनेश फांदीवर बसलेल्या प्रत्येकाला उंबरं वाटायचा. दयाळ मात्र कुठे सूर चुकतो ते ऐकायला दूर झुडपात बसलेला असे, म्हणून त्याची चोच रिकामीच राही.

एका वर्षी मेळा संपल्यावर सुतार पक्ष्याने त्याला बजावलं, "ढोलीचं भाडं वाढलंय. टोपलीभर उंबरं दे, नाहीतर जागा सोड."

दयाळ धनेशाकडे गेला. "दादा, चाल माझी होती."

"असेल रे. पण फांदीवर तू दिसला नाहीस."

"सगळेच फांदीवर बसले तर ऐकणार कोण?"

साळुंक्या हसल्या. "बघा, आता ऐकायचीसुद्धा उंबरं मागतोय. आणि चाल तर आम्हाला पाठच आहे."

दयाळाने ढोली सोडली आणि तो नदीपलीकडच्या एका बाभळीवर राहायला गेला. सगळा दिवस किडे शोधण्यात जाई. नवी चाल सुचली तरी बांधायला वेळ उरत नसे.

पुढच्या वर्षी मेळा भरला. वाऱ्यावरून जुनीच चाल त्याच्या कानी आली. शेवटची ओळ साळुंक्या चुकीची गात होत्या आणि ते त्यांना सांगायला झुडपात कोणी नव्हतं. दयाळाने ती ओळ स्वतःशीच एकदा नीट गाऊन पाहिली. मग तो किडे शोधायला उडाला.