सर्जेरावांनी माणसं सांभाळली

एका गावात, नदीकाठच्या गुऱ्हाळावर, एक भोळा मुकादम होता. त्याचं नाव सर्जेराव. नाव भारदस्त, डोकं रिकामं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण ते डोकं माझंच आहे.

गुऱ्हाळ माझ्या आत्याचं. आत्याला मूलबाळ नाही. हंगामाच्या सुरुवातीला तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "सर्ज्या, गूळ करायला तातोबा हाय. तू फक्त माणसं सांभाळ. नीट सांभाळलीस तर संक्रांतीनंतर गुऱ्हाळ तुझ्या नावावर."

"सांभाळायची म्हंजे काय करायचं, आत्या?"

"नजर ठेवायची माणसांवर."

तेवढं मला समजलं. सकाळी मी खुर्ची घेतली आणि गुळव्या तातोबाच्या समोर बसलो. उकळत्या रसाचा गूळ कधी झाला, ते ओळखणं हे गुळव्याचं काम. मी त्याच्या तोंडाकडं बघायला लागलो. तो वळला की मीही खुर्ची वळवायचो. म्हाताऱ्याला घाम फुटला.

"मुकादम, काय चुकलं का माजं?"

"काही नाही. तू कर तुझं."

"मग असं का बघताय?"

"नजर ठेवतोय."

तातोबा रसाच्या काहिलीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागला. रस उतू गेला. मला तो जाताना दिसला. पण आत्यानं नजर माणसांवर ठेवायला सांगितलं होतं, रसावर नव्हे.

संध्याकाळी आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, असं डोक्यावर बसलं की चांगला माणूसबी चुकतो. माणसाला मोकळं सोडावं. त्याचं काम त्याला त्याच्या मनानं करू द्यावं."

"हे कालच सांगायचं की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव नावाचा नवा गडी आला. त्यानं जन्मात ऊस पिळायचा चरक पाहिला नव्हता.

"मुकादम, ऊस कसा घालायचा?"

"तुझ्या मनानं."

"एक एक का दोन दोन?"

"मोकळं सोडलंय तुला."

मी खुर्ची उचलून विहिरीकडं गेलो. हिंदुरावाचं मन मोठं होतं. त्यानं अख्खी मोळी बांधलेलीच चरकात घातली. चरक अडकला, पट्टा तुटला, दिवसभर गुऱ्हाळ बंद.

"नवख्याला दाखवावं लागतं रे," आत्या म्हणाली. "आणि तुला स्वतःला समजत न्हाई तर आधी चार माणसांना विचारावं, मग ठरवावं."

हे मला फारच पटलं. पट्टा बसला, काम सुरू झालं आणि तातोबा ओरडला, "झाला गूळ, उतरवा काहील." गडी धावले. मी आडवा गेलो.

"थांबा. आधी चौघांना विचारू."

हिंदुराव म्हणाला, उतरवावी. चुलवाणात जाळ घालणारा भैरू म्हणाला, तातोबा सांगंल तसं. ऊस घेऊन आलेला गाडीवान म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं. तिघं झाले, चौथा मिळेना. रस्त्यानं पोस्टमन चालला होता, त्याला हाक मारली. त्यानं सायकल लावली, आत आला, वास घेतला आणि म्हणाला, "करपला की हो."

मला राग आला. मी सगळ्यांसमोर तातोबाला म्हणालो, "एवढं वय झालं, गूळ करता येत नाही तुला?" तोंड फिरवून म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

आत्या त्या दिवशी खरोखर चिडली. "चुकलास तू आणि बोललास त्याला, तेबी चारचौघांत. चूक सांगायची तर माणसाला बाजूला घ्यावं. आधी घरची चौकशी करावी, कौतुकाचे दोन शब्द बोलावेत, मग हळूच चूक सांगावी."

मला फार वाईट वाटलं. यापुढं कुणाचा अपमान होऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

संधी लगेच आली. भैरूनं बिडी ओढली आणि थोटूक मागं टाकलं. ते चिपाडाच्या ढिगावर पडलं. रस काढून वाळवलेला ऊस तो, लगेच धुमसायला लागला. बाकीचे सगळे काहिलीभोवती होते. मला एकट्यालाच ते दिसलं. ओरडावंसं वाटलं, पण चारचौघं जवळच होते. मी जीभ चावली.

"भैरू, जरा बाजूला येतोस?"

त्याला विहिरीमागं नेलं.

"घरी सगळं बरं?"

"व्हय."

"म्हैस?"

"परवाच व्याली."

"काय झालं?"

"रेडी."

"वा. भैरू, एक सांगतो. जाळ लावावा तर तूच. पंचक्रोशीत तुझ्यासारखा जाळ कुणाला जमत नाही."

भैरू लाजला. "कशाचं काय, मुकादम."

तेवढ्यात तिकडं आरडाओरडा सुरू झाला. भैरू मान वळवायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिकडं लक्ष देऊ नको. हे आपल्या दोघांतलं आहे. आता एक बारीकशी गोष्ट, मनाला लावून घेऊ नको. तुझी ती बिडी..."

आम्ही विहिरीमागून बाहेर आलो तेव्हा माणसं सगळी सुखरूप शेतात उभी होती. गुऱ्हाळ मात्र जळून खाली बसलं होतं.

आत्या आली. ती मला चारचौघांत एक शब्द बोलली नाही. माझा हात धरून विहिरीमागं घेऊन गेली. आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "सर्ज्या, तुझ्याइतकं माझं ऐकणारं दुसरं कुणी न्हाई."

मला भरून आलं. आत्या खूश होती. तिला पुढं बोलायचे कष्ट नकोत म्हणून मीच विचारलं, "मग आत्या, गुऱ्हाळ कधी करतेस माझ्या नावावर?"

आत्यानं विहिरीला टेकवलेला खराटा उचलून माझ्या हातात दिला.

"आजच घे," ती म्हणाली.

तर आता मालक मी आहे. गडी सगळे शेजारच्या गुऱ्हाळावर गेले. माझ्या हाताखाली एकच माणूस उरलाय, तोही मीच. सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवून बसलोय, पण राख काही हलत नाही. उद्या त्याला मोकळं सोडून बघणार आहे.