बारावा तारा

एका टेकडीवरच्या वेधशाळेत एकदा एक शिष्या अकरा आलेख घेऊन आपल्या वृद्ध आचार्यांपुढे उभी राहिली. दोन वर्षे ती एका तारकागुच्छातील ताऱ्यांचे तेज मोजत होती. त्यांतले रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते असे, तिला शोधायचे होते. निबंध त्याच संध्याकाळी पाठवायचा होता आणि पुढे तिला दुर्बीण मिळणार की नाही, हे त्यावरच ठरणार होते.

"गुरुजी, अकरा तारे मोजले आणि अकराही रूपविकारी निघाले!" तिला आनंद लपवता येत नव्हता. "शिवाय सगळे एकाच तालात मंदावतात. एकाच मेघातून जन्मलेली भावंडं ना!"

"जुळी भावंडंसुद्धा एका वेळी जांभई देत नाहीत गं," आचार्य मिश्कीलपणे म्हणाले.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते अकरा पातळ कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. अकरा रेषांची जणू एकच रेषा झाली. नंतर वरची कड खाली घेत त्यांनी तो गठ्ठा पालथा केला आणि पुन्हा काचेला टेकवला. उन्हात रेषा मागूनही दिसत होती. फक्त उताराच्या जागी आता चढ होता.

"आता हे चित्र कोणाचं?"

कौतुकाऐवजी हा कसला खेळ, म्हणून शिष्येला थोडा रागच आला. तरी ती पाहत राहिली. ताऱ्याचे तेज एकटे मोजत नाहीत, शेजारच्या एखाद्या स्थिर ताऱ्याशी ताडून पाहतात. तो स्थिर ताराच उजळला, तर बाकीचे सगळे मंदावल्यासारखे दिसणार.

"बाराव्याचं," ती हळूच म्हणाली. "ज्याच्याशी ताडून पाहिलं, त्याचं. पण गुरुजी, तो स्थिर आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"म्हणूनच तू तो मोजला नाहीस. मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, म्हणून मीही मोजला नाही. ज्याच्यावरून बाकीच्यांना जोखायचं, त्याच्याकडे पाहायचं आपण सोडूनच देतो. ताऱ्याने काही लपवलं नव्हतं, बाळ. आपण विचारलं नाही."

शिष्या पुन्हा कामाला बसली. बारावा तारा तिने त्या अकरांशी ताडून पाहिला. संध्याकाळी निबंधात अकरांऐवजी एकच तारा उरला. दुर्बीण मिळो न मिळो, तिने निबंध तसाच पाठवला.

तोवर आचार्यांनी कपाटातून आपल्या तीस वर्षांच्या वह्या काढल्या होत्या. "यातली प्रत्येक मोजणी त्याच ताऱ्यावर उभी आहे. चल, बघू या काय निघतं ते." आवाजात खंत होती, पण कुतूहल त्या खंतीहून जास्त होते.

शिष्येने पहिली वही उघडली. त्या ताऱ्यापुढे आचार्यांच्या तरुणपणच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, 'स्थिर'. आचार्यांनी पेन्सिल उचलली आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.