दर्याला दिलेलं तेल

एका कोळीवाड्यातली हर्षाली परदेशी शिकून समुद्रात सांडलेलं तेल शोधणारं यंत्र घेऊन परतली. तिला वाटलं होतं, तेल सापडेल ते दूरवर, मोठ्या जहाजांच्या वाटेवर. तिथं थोडंफार सापडलंही. पण सगळ्यांत दाट तेल निघालं गावच्याच खाडीत, जोमा नाखव्याच्या होडीखाली. आणि जोमा नाखवा तिचा बाप होता.

ते यंत्र माणसावाचून पाण्याखाली आपलं आपण फिरे. पाण्यात तेल लागलं की जागा टिपून घेई. मग नकाशावर तिथं काळा डाग उमटे. पहिल्या दिवशी बायका हसल्या होत्या, "एवढी शिकली नि लोखंडाचा बांगडा घेऊन आली!"

पण हसण्याचे दिवस नव्हते. खाडीत मासळी लागेना. जाळी काळी, चिकट होऊन येत. सगळे जहाजांना शिव्या देत, आणि त्यात जोमा नाखव्याचा आवाज सगळ्यांत मोठा. उद्या सकाळी देवळापुढे हर्षाली नकाशा दाखवणार, मग जहाजांवर तक्रार करायची, असं ठरलं होतं.

संध्याकाळी ती होडीवर गेली. बाप इंजिनातलं जळकं तेल डब्याने पाण्यात ओतत होता.

"बाबा, हे तेल रोज इथंच टाकता?"

"टाकतो कशाला गो बाय? दर्याला देतो."

"नारळी पुनवेला नारळपण दर्यालाच देतो ना आपण?"

जोमाचा हात थांबला. तिने नकाशा पुढे केला. आपल्या होडीची जागा त्याला लगेच कळली.

"माझ्या बापानेही असंच दिलं," तो हळूच म्हणाला. "सगळेच देतात. आता उद्या चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावणार तू?"

रात्री जेवताना, लहानपणी वाढायचा तशी सुरमईची मधली तुकडी जोमाने हर्षालीच्या ताटात सरकवली. जेवण झाल्यावर तिने नकाशा पुन्हा उघडला. एक डाग पुसला तर कुणाला कळणार नव्हतं. पण मग खाडी कधीच निवळणार नव्हती.

सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. डाग पुसायचा नाही. पण बापाकडे बोटही दाखवायचं नाही. देवळापुढे त्याच्या शेजारी उभं राहायचं, त्याचा हात धरायचा आणि सांगायचं, "हे तेल आमच्या घरचं आहे. याच होडीने मला शिकवलं, म्हणजे यात माझाही वाटा आहे. आजपासून आमचं तेल दर्यात जाणार नाही."

तात्पर्य: सत्य आपल्या माणसाविरुद्ध गेलं तरी ते लपवू नये, मात्र ते सांगताना त्या माणसाला एकटं पाडू नये.