मुका सडा

तारखोल गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे. तो ओलांडताना कुणी बोलत नाही. म्हणून पाहुण्यांना सड्याच्या टोकाचा समुद्राकडचा कडा दाखवायला नेणारे विठू तांडेल सारी गोष्ट खालीच, वाट चढण्याआधी सांगून टाकतात.

असे सांगतात, की फार वर्षांमागे श्रावण सरताना एक परदेशी जहाज खडकावर फुटले आणि त्यातला एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. मासे विकणाऱ्या सारजा नावाच्या गाबितणीने त्याला आपल्या पडवीत आणून पेज पाजली. तिचा नवरा दर्यात गेला तो परतला नव्हता. त्यालाही कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणी पेज पाजत असेल, अशी तिची आशा.

गाव मात्र भ्यालेले होते. आदल्याच साली समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी शेजारचे गाव जाळले होते. तरी गावाचा मुख्य, गावकर सोमाजी, याने ठरवले, की मिठाचा मचवा आला की ह्या मुक्याला बंदरावर धाडायचे. त्याचे बोलणे कुणाला कळत नव्हते, म्हणून तो मुका.

पण सारजाला कळू लागले. चुलीकडे बोट करून तो म्हणाला, "उग्निस." तिला भटजींच्या तोंडचा अग्नी आठवला. दाताला हात लावून म्हणाला, "दांतिस." शिंपल्या मोजताना दू, त्रीस करीत तो आठव्या शिंपलीला "अश्तुओनी" म्हणाला. सगळे शब्द जुळत नव्हते. पण एखादा जुळला, की तिला माहेरचे माणूस भेटल्यासारखे होई.

तो आनंद तिच्या पोटात राहिला नाही. देवळात गावाची बैठक होती, त्या दिवशी ती त्याला तिथे घेऊन गेली. "ह्यो परको नाय," ती म्हणाली. "आपल्यातलोच आसा. आयका." तिने खूण केली तशी त्याने हसत हसत बोटांवर दहापर्यंत मोजून दाखवले.

देवळात कुणी हसले नाही.

"ह्याका आपले आकडे कोणी शिकवले?" सोमाजीने विचारले. "ह्यो आधी हंय येवन रवलेलो आसा. घरां मोजून गेलेलो आसा."

"कोणी शिकवूक नाय. त्याच्या आवशीन शिकवल्यान."

त्याच्या आईनेच शिकवले, हे तिचे म्हणणे कुणी ऐकले नाही. लुटारूंचा हेर म्हणून चौघांनी त्याला सड्यावर नेले. सारजा मागून धावली. कड्याशी त्याने वळून तिला हाक मारली, "सेसुओ." मग त्याला लोटले.

दसऱ्याला मचवा आला. फुटलेले जहाज व्यापारी होते आणि त्यावरचा एक सुतार बेपत्ता होता, अशी खबर मचव्यावाल्यांनी आणली. सोमाजीने नियम घातला, सड्यावर कुणी बोलायचे नाही. लोक त्याला मेलेल्याचा मान म्हणतात. सारजा त्याला तोंड लपवणे म्हणे. तिने तो नियम मानला नाही. मरेपर्यंत रोज ती कड्याशी जाऊन त्याचा तो शेवटचा शब्द मोठ्याने म्हणायची. त्यापायी गावाने तिला वाळीत टाकले. शब्द मात्र गावात राहिला. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

मागे पुण्याहून भाषा शिकवणारे एक मास्तर आले होते. विठू तांडेलांकडून तो शब्द ऐकून त्यांनी वही काढून तो लिहून घेतला. मग म्हणाले, "उत्तरेकडच्या एका थंड देशात बहिणीला हेच म्हणतात. आपल्या संस्कृतातली स्वसा, ती हीच." दोन्ही शब्द एकाच जुन्या शब्दाच्या लेकी, असे त्यांनी सांगितले. तो मूळ शब्द कुणी लिहून ठेवला नाही. लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ओळखावा तसा पंडितांनी तो जुळवून काढला आहे, आणि कुणी ऐकलेला नाही म्हणून लिहिताना त्याच्या आधी चांदणीची खूण काढतात.

अर्थ कळल्यावर गावाची बैठक बसली. सड्यावरचा नियम आता मोडावा, असे विठू तांडेल म्हणाले. मेलेल्याचा मान आहे, मोडू नये, असे बाकीच्यांनी ठरवले.

आजही माणसे तोंड मिटून सडा ओलांडतात.