काजळीची पाठ

माणसाची पायवाट अजून रानात पोचली नव्हती, तेव्हा तिथे काजळी नावाची एक अस्वलीण राहायची. कड्यावरून घसरल्यापासून तिची पाठ आखडली होती आणि पिल्लाला पाठीवर घेणं जमत नव्हतं. घोरपडमावशीने तिला रोज पहाटे अंग ताणायला शिकवलं. पाठ मोकळी झाली, तशी काजळी पुन्हा उन्हं वर येईपर्यंत लोळू लागली.

एके दिवशी बिबट्या समोर आला. पिल्लू पाठीवर चढलं, काजळीच्या पाठीत कळ आली आणि ते धपकन खाली पडलं. पंजे मारून तिने बिबट्याला कसंबसं हुसकावलं. मग तणतणत ती मावशीच्या कपारीशी गेली.

"खोटी आहे तुझी विद्या! माझं लेकरू जात होतं आज!"

"ताणणं सोडलंस कधी?"

"बरं वाटलं तेव्हा!"

"काल पोटभर पाणी प्यायलीस ना? मग आज ओढ्यावर कशाला गेलीस?" मावशीही भडकली. "माझ्यावर ओरडू नकोस. लेकराला सांग, आई लोळत होती म्हणून!"

काजळीने रागाने शेजारचं वारूळ फोडलं आणि ती तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली आणि मावशीला शिव्या घालत तिने पाठ ताणली. त्यानंतरच्या पहाटेही राग उतरला नव्हता. तरी ती उठलीच.